पट्टी बदलली तरी चाल तीच कशी?

चतुर्थीच्या दिवसांत आमच्या दोडामार्ग तालुक्यात भजनी मंडळी पेटी-पखवाज घेऊन घरोघर फिरतात. मणेरी असो, कुडासे असो की साटेली-भेडशी, क्रम सगळीकडे सारखाच. पहिल्या घरी बुवा ताजेतवाने असतात, पेटीवाला काळी एक दाबतो आणि भजन रंगतं. मग उसळ-पाव, चहा आणि पुढचं घर. पाचव्या-सहाव्या घरापर्यंत बुवांचा गळा बसलेला असतो. मागून कोणीतरी म्हणतं, ‘‘बुवा, पट्टी वायच खाली घेवा.’’ पेटीवाल्याची बोटं पांढरी सातवर सरकतात आणि तोच गजर पुन्हा सुरू होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातली मुलं पेटीबिटीच्या भानगडीत न पडता त्याच चालीत किंचाळत असतात, तेही बुवांच्या कितीतरी वर.

‘हा वेगळा गजर आहे’ असं कोणी म्हणत नाही. पण नीट पाहिलं तर काळी एकमधल्या गजरातला एकही सूर पांढरी सातमधल्या गजरात आपल्या जागी उरलेला नसतो. सगळेच्या सगळे सूर हललेले असतात. आता असं समजा, की तुमच्या पत्रातलं प्रत्येक अक्षर मी एक घर पुढे सरकवलं. ‘क’ची जागा ‘ख’ने घेतली आणि ‘ख’ची ‘ग’ने. ते पत्र तुम्हाला वाचता येईल का? अक्षरांच्या बाबतीत ज्याचा पार गोंधळ उडेल, ते सुरांच्या बाबतीत चार वर्षांच्या पोराला सहज जमतं, आणि त्याला कोणी शिकवलेलंही नसतं. हे कसं होतं, ते या लेखात पाहू.

सूर म्हणजे मोजलेली थरथर

बुवा गातात तेव्हा त्यांच्या गळ्यातल्या स्वरतंतूंच्या दोन घड्या एकमेकींवर आपटतात आणि उघडतात. काळी एकच्या मधल्या षड्जावर पुरुषाच्या गळ्यात ही उघडझाप सेकंदाला सुमारे १३९ वेळा होते. सेकंदाला किती वेळा थरथर झाली, या मोजमापाला हर्ट्झ म्हणतात. थरथर जास्त तर सूर वर, कमी तर सूर खाली. पांढरी सातवर हाच षड्ज सुमारे १२३ हर्ट्झवर उतरतो.

माणसाच्या कानाला ढोबळमानाने २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. वय वाढेल तशी वरची मर्यादा खाली येते. यातल्या सगळ्याच पट्ट्यात गाणं करता येत नाही, हे मात्र फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. चार-पाच हजार हर्ट्झच्या वर आवाज ऐकू येतो, पण चाल ओळखता येत नाही. रातकिड्यांच्या आवाजाला आपण ‘किर्र’ म्हणतो, त्याचा सूर कोणी लावत नाही. पियानोची शेवटची पट्टीही ४,१८६ हर्ट्झवर थांबते. खालच्या टोकाला गंमत निराळी. कर्नाटकातून उतरून गेली वीसेक वर्षं आपल्या केळी आणि माडांचा फडशा पाडणारे हत्ती एकमेकांशी असेही बोलतात, की आपल्या कानांना त्याचा पत्ताच लागत नाही. केटी पेन या संशोधिकेला १९८४ साली अमेरिकेत पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात आशियाई हत्तींजवळ उभं असताना हवेत एक धडधड जाणवली. मोजल्यावर कळलं, की हत्तींचा तो घुमारा १४ हर्ट्झपर्यंत खाली जातो. तिलारीच्या खोऱ्यात रात्री तुम्हाला शांतता वाटत असेल, तेव्हा शांतता असेलच असं नाही.

कानात गुंडाळलेली पेटी

हवेतली थरथर कानाच्या पडद्यावर येते. त्यामागची तीन चिमुकली हाडं ती पुढे ढकलतात आणि ती पोचते गोगलगाईच्या शंखासारख्या अडीच वेढ्यांच्या एका नळीत. तिचं नाव कॉक्लिया. उलगडली तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरेल. नळीत पाण्यासारखा द्रव असतो आणि मधोमध एक लांबट पडदा. हा पडदा दाराशी अरुंद आणि ताठ, तर आतल्या टोकाशी रुंद आणि सैल असतो. त्यामुळे वरचे सूर पडद्याला दारापाशीच हलवतात आणि खालचे सूर आतपर्यंत जाऊन हलवतात. म्हणजे पेटीच्या पट्ट्या एका रांगेत लावून ती रांग गोल गुंडाळून ठेवावी, तसा प्रकार. ही लाट पडद्यावरून कशी धावते हे गेओर्ग फॉन बेकेशी यांनी मृत माणसांच्या कानांवर प्रयोग करून दाखवलं आणि त्यासाठी त्यांना १९६१ चं नोबेल मिळालं.

या पडद्यावर केसांसारखे तुरे असलेल्या पेशी उभ्या असतात, त्या केशपेशी. मेंदूला खबर देण्याचं मुख्य काम करणाऱ्या आतल्या रांगेतल्या केशपेशी एका कानात फक्त साडेतीन हजारांच्या आसपास असतात. एवढ्याच. त्यांच्यावर आपलं सगळं गाणं, बोलणं आणि भांडण चालतं. त्यांच्याकडे शेवटी पुन्हा येऊ.

पेटी गुंडाळून ठेवली आहे, तर मग गोष्ट संपली असं वाटेल. कुठली पट्टी हलली ते मेंदूने पाहावं आणि सूर सांगावा. पण निसर्गाने एवढ्यावर भागवलेलं नाही.

वायनात पडणारी मुसळं

कानाच्या मज्जातंतूत सुमारे ३०,००० धागे असतात. थरथर सेकंदाला १३९ वेळा असेल, तर हे धागे त्याच ठेक्यावर विजेचे छोटे ठोके मारतात. पण सूर हजार-दोन हजार हर्ट्झचा झाला की पंचाईत होते. एक धागा इतक्या वेगाने ठोके मारू शकत नाही, त्याला मध्ये दम घ्यावा लागतो.

जुन्या घरांत वायनात भात कांडताना पाहिलं असेल. दोन-तीन बायका एकाच वायनात आळीपाळीने मुसळ घालतात. एकेकीचा हात संथच चालतो, पण बाहेरून ऐकणाऱ्याला ठोके भराभर पडताना ऐकू येतात. कानाचे धागेही असंच करतात. एक या लाटेवर ठोका मारतो, दुसरा पुढच्या, तिसरा त्याच्या पुढच्या, आणि सगळ्यांचे ठोके एकत्र ऐकले की मूळ वेग मिळतो. ही युक्ती चार-पाच हजार हर्ट्झपर्यंत चालते. त्यापुढे मुसळांचा मेळ राहत नाही. आणि बरोबर तिथेच आपल्याला चाल ओळखू येणंही बंद होतं. हा निव्वळ योगायोग असेल असं बहुतेक संशोधकांना वाटत नाही, मलाही वाटत नाही.

हा ठोक्यांचा ठेका मेंदूच्या बुंध्यापर्यंत इतका शाबूत पोचतो, की १९९५ साली संशोधकांनी लोकांच्या डोक्याला बाहेरून तारा चिकटवून तिथले विजेचे झोके टिपले आणि ते स्पीकरवर वाजवले, तेव्हा मूळ ऐकवलेले शब्द लोकांना ओळखता आले.

नसलेला सूर ऐकू येतो

आता खरी गंमत. जत्रेत दशावतार चालू असतो. देवळापासून दोन शेतं पलीकडे, घराच्या पडवीत पडून तुम्ही कर्ण्यातून येणारा आवाज ऐकता. कर्णा खालचे सूर नीट सोडतच नाही. तरी राजाचा आवाज तुम्हाला भारदस्त आणि खर्जातलाच ऐकू येतो. टेलिफोनचंही तसंच. जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झएवढंच जात असे. वडिलांच्या आवाजाचा मूळ सूर १२० हर्ट्झचा, म्हणजे तो तारेतून आलेलाच नसे. तरी वडील कधी बाईच्या आवाजात बोलल्यासारखे वाटले नाहीत.

याचं कारण, गळ्यातून किंवा वाद्याच्या तारेतून निघणारा सूर एकटा कधीच येत नाही. मूळ सूर १०० हर्ट्झचा असेल तर त्याच्यासोबत २००, ३००, ४००, ५०० असे त्याच्या पटीतले बारीक सूर येतात. त्यांना उपस्वर म्हणू. तंबोऱ्याच्या चार तारांपैकी एकही तार गंधारात लावलेली नसते, तरी उत्तम लागलेल्या तंबोऱ्यातून गंधार झंकारतो. गवई त्याला ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात. तो षड्जाच्या पाचव्या पटीतला उपस्वर आहे. तो आकाशातून पडत नाही, तारेतच असतो.

कर्ण्याच्या बाबतीत उलटं घडतं. १०० चा मूळ सूर हरवतो आणि २००, ३००, ४०० शिल्लक राहतात. बागेत पोफळी सारख्या अंतरावर लावलेल्या असतात. पहिली पोफळ खोपीच्या आड गेली असेल, पण दुसरी, तिसरी, चौथी दिसत असेल, तर पहिली कुठे आहे ते तुम्ही न पाहता सांगता. मेंदू तेच करतो. उपस्वरांमधलं अंतर शंभराचं आहे, म्हणजे मूळ सूर शंभराचाच असणार, असं तो ताडतो. ते ताडलेलं आपल्याला शंका म्हणून कळत नाही, थेट आवाज म्हणून ऐकू येतं.

ही पोफळ मोजणाऱ्या पेशी २००५ साली सापडल्या. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बेंडॉर आणि वँग यांना मार्मोसेट माकडांच्या मेंदूत अशा पेशी दिसल्या, ज्या एखादा मूळ सूर एकटा ऐकवला तरी पेटतात आणि तो गाळून नुसते वरचे उपस्वर ऐकवले तरीही पेटतात. माणसात या कामाशी जोडलेली जागा कानाच्या वर, मेंदूच्या आत दडलेल्या एका आडव्या घडीच्या कडेला आहे. हेश्ल नावाच्या ऑस्ट्रियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावावरून तिला हेश्लची घडी म्हणतात. म्हणजे हवेत असते ती थरथर, आणि तिचा सूर मेंदू बनवतो. हे एकदा पटलं, की पट्टी बदलण्याचं कोडं अर्धं सुटतं.

जाता जाता आपल्या मृदंगाविषयी. शिमग्याच्या ढोलाला सूर नसतो, नुसता दणका असतो, कारण साध्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर पटीत येत नाहीत. ते १, १.५९, २.१४ असे वेडेवाकडे पडतात. पोफळी कशाही लावल्या तर मेंदू काय मोजणार? मृदंगाच्या आणि तबल्याच्या पुडीवर शाईचा थर चढवला की हे वेडेवाकडे उपस्वर जवळजवळ नेमक्या पटीत येऊन बसतात. म्हणूनच तबला काळी एकला ‘लावता’ येतो. ही गोष्ट सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये मांडली. शाई लावणाऱ्या कारागिरांनी ती त्याआधी कित्येक पिढ्या बोटांनी ओळखली होती. मला विचाराल तर या शोधाचं श्रेय कारागिरांच्याही वाट्याला यायला हवं होतं.

चौकट : घरी करून पाहा

• एखादं भजन मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर लावा. पखवाजाचा धुमा ऐकू येतो का? तेवढा खालचा सूर तो स्पीकर जवळजवळ काढतच नाही. तो तुमचा मेंदू भरतो.
• सगळ्यांना पाठ असलेल्या आरतीची चाल फक्त टाळ्यांनी वाजवा. मग ठेका काढून टाका आणि सगळे सूर सारख्याच लांबीचे गुणगुणा. दोन्हींत ओळखणं किती अवघड जातं ते घरच्यांना विचारा.
• पेटीवर काळी चार दाबून धरा. आता मनात काळी एकचा षड्ज धरा, ती पट्टी पंचम वाटेल. मग काळी चारलाच षड्ज माना. पट्टी तीच, पण ‘चव’ बदललेली कळेल.

चाल म्हणजे पायऱ्यांमधलं अंतर

चौकटीतला तिसरा प्रयोग या लेखाचा कणा आहे. काळी एकचा षड्ज १३९ हर्ट्झ. त्याचा पंचम दीडपट, म्हणजे सुमारे २०८. आणि काळी चार ही पट्टी नेमकी २०८ च्या आसपास आहे. म्हणजे एका बुवाचा पंचम हाच दुसऱ्या बुवाचा षड्ज. कानात हलणारी जागा एकच, मज्जातंतूत पडणारे ठोके तेच, आणि तरी एकदा तो सूर उंच चढून गेल्यासारखा वाटतो, दुसऱ्यांदा घरी आल्यासारखा. हा फरक कानात कुठेच नाही. तो मेंदूने ठेवलेल्या हिशोबात आहे.

मेंदू चाल साठवतो ती सुरांची यादी म्हणून साठवत नाही. षड्जापासून किती पट वर, तिथून किती खाली, अशी अंतरं तो साठवतो. जिना अंगणातून उचलून माडीवर ठेवला तरी पायऱ्यांमधलं अंतर तेच राहतं, आणि पायांना तो जिना ओळखीचा वाटतो. १३९ चे २०८ होतात तेव्हा पट दीड, १२३ चे १८५ होतात तेव्हाही पट दीड. पत्रातली अक्षरं सरकवली की पत्र वाचता येत नाही, कारण ‘क’ आणि ‘ग’ यांच्यात असं कुठलंही मोजता येणारं नातं नसतं.

यातही मेंदूकडे दोन हिशोब असतात, एक ढोबळ आणि एक बारीक. ढोबळ हिशोबात फक्त चढउतार : वर, वर, खाली, तिथेच. नवी चाल पहिल्यांदा ऐकताना आपण एवढंच धरून ठेवतो. म्हणून कोरसमधली नवखी मंडळी बुवांच्या मागे चढतात-उतरतात बरोबर, पण नेमक्या पायरीवर पाय पडत नाही. चाल मुरली की बारीक हिशोब, म्हणजे नेमकी अंतरं, पक्का होतो.

तो किती बारीक असतो? षड्ज २४० चा धरला तर नैसर्गिक गंधार सव्वापट, म्हणजे ३००. पेटीचा गंधार मात्र ३०२.४ वर असतो, कारण पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात. फरक अडीच हर्ट्झचाही नाही. पण दोन्ही एकत्र वाजले की तयार कानाला खडा लागल्यासारखं होतं. याच खड्यावरून गेल्या शतकात मोठं रामायण झालं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांच्यासोबत श्रुतींची पेटी बनवण्याचा खटाटोप केला. पुढे १९४० साली आकाशवाणीने पेटीला थेट बंदीच घातली आणि ती तीस वर्षं टिकली. आमच्या भजनी मंडळांना तिची खबर असेल असं वाटत नाही. पेटी वाजतच राहिली.

साळुंकीच्या भाऊबंदांना हे जमत नाही

चाल अंतरांवरून ओळखणं आपल्याला इतकं सहज जमतं, की सगळ्या जिवांना ते जमत असेल असं वाटतं. साळुंकीच्या कुळात स्टार्लिंग नावाचा युरोपातला पक्षी आहे, नकला करण्यात पटाईत. १९८० च्या दशकात स्ट्युअर्ट हल्स यांनी स्टार्लिंगना चढत जाणारे आणि उतरत जाणारे सूर वेगवेगळे ओळखायला शिकवले. पक्षी पटकन शिकले. मग तेच सूर दुसऱ्या पट्टीत वाजवले, आणि पक्षी गोंधळून गेले. त्यांच्या लेखी हे अगदीच नवं काही होतं. उलट माणसाचं सहा महिन्यांचं बाळ ओळखीची झालेली चाल दुसऱ्या पट्टीत वाजवली तरी ओळखतं. पाळण्यावर आई एका पट्टीत गाते आणि आजी दुसऱ्या, तरी बाळाला झोप लागते ती उगाच नाही.

काही माणसांना मात्र पक्ष्यांसारखा नेमका सूर कळतो. पेटीला हात न लावता ‘ही काळी दोन’ म्हणून सांगणारे लोक दहा हजारांत एखादाच, असा अंदाज नेहमी दिला जातो. लहानपणी संगीत सुरू झालेल्यांत असे जास्त आढळतात. आपल्याकडे या देणगीचं फार कौतुक होतं. माझ्या मते भजनात तिचा उपयोग कमीच. बुवांनी पट्टी खाली घेतली की असल्या माणसाचीच अडचण होते, बाकीचे मजेत गातात.

तरी नेमक्या सुराची थोडी आठवण आपल्यातही असते. डॅनियल लेव्हिटिन यांनी १९९४ साली ४६ विद्यार्थ्यांना त्यांच्या आवडीची रेकॉर्डवरची गाणी नुसत्या आठवणीतून गायला सांगितली. दहांतल्या चौघांनी निदान एका गाण्यात मूळ रेकॉर्डचाच सूर पकडला. म्हणजे मेंदू मूळ पट्टी साफ पुसत नाही, बाजूला टाकून ठेवतो.

षड्जाचं घर

अंतर मोजायला एक टोक पक्कं हवं. आपल्या संगीतात ते षड्जाचं. म्हणून तर कार्यक्रमाआधी तंबोरा पाच-दहा मिनिटं नुसता झंकारत ठेवतात. दशावतारात पायपेटीवाल्याचं खरं कसब इथेच दिसतं. संवाद लिहिलेले नसतात, नट ऐनवेळी बोलतो आणि बोलता बोलता एकदम पदावर येतो. राजाची पट्टी वेगळी, स्त्रीपार्टीची वेगळी. बोलण्याच्या शेवटच्या दोन शब्दांवरून पेटीवाला ती पट्टी पकडतो आणि प्रेक्षकांना घर दाखवतो. मग प्रेक्षकांचा मेंदू पुढचे सगळे सूर त्या घरापासून मोजू लागतो.

कुठला सूर घरचा आणि कुठला पाहुणा, हे मेंदू कसं ठरवतो? १९८४ साली कास्टेलानो, भरूचा आणि क्रुमहान्सल या तिघांनी दहा रागांवर प्रयोग केला. भारतीय आणि पाश्चात्त्य श्रोत्यांना राग ऐकवून नंतर एकेक सूर वाजवला आणि विचारलं, हा इथे किती शोभतो? ज्यांनी उभ्या आयुष्यात राग ऐकला नव्हता, त्यांनीही वारंवार आणि जास्त वेळ वाजलेल्या सुरांना बरोबर जास्त गुण दिले. म्हणजे मेंदू आल्या आल्या मोजणी सुरू करतो. पण थाटाची, म्हणजे त्या रागामागच्या सप्तकाची जाण फक्त भारतीय श्रोत्यांत दिसली. ती वर्षानुवर्षं कानावर पडून मुरलेली असते.

हिशोब बसला की मेंदू पुढचा सूर आधीच ताडायला लागतो, आणि गाण्यातला आनंद बराचसा इथून येतो. डबलबारीच्या भजनी सामन्यात बुवा गजर द्रुत लयीत चढवत नेतात, तिहाई पडणार हे सगळ्यांना कळलेलं असतं, सगळे समेची वाट बघत पुढे झुकलेले असतात. माँट्रियलच्या संशोधकांनी २०११ साली अंगावर काटा आणणारं संगीत ऐकताना लोकांच्या मेंदूत डोपामीन कुठे सुटतं ते पाहिलं. डोपामीन म्हणजे हवंहवंसं काही मिळताना किंवा मिळणार असं वाटताना मेंदूत पाझरणारं रसायन. काटा येण्याआधी, वाट पाहताना ते एका जागी सुटत होतं, आणि प्रत्यक्ष काटा आला तेव्हा दुसऱ्या जागी. वाट पाहण्याचा आनंद वेगळा आणि मिळाल्याचा वेगळा, एवढी बारकाई मेंदूत आहे.

शब्द डावीकडे, चाल उजवीकडे?

डोक्याच्या डाव्या बाजूला झटका येऊन वाचा गेलेली काही माणसं पाणी मागू शकत नाहीत, पण आरती शब्दांसकट म्हणतात. घरच्यांना तो चमत्कार वाटतो. अशा रुग्णांना चालीच्या आधाराने बोलायला शिकवण्याची पद्धत अमेरिकेत १९७३ पासून वापरात आहे.

शब्द डावीकडे आणि चाल उजवीकडे, हे विधान ढोबळ आहे, पण खोटं नाही. २०२० साली ‘सायन्स’मध्ये आलेला प्रयोग मला फार आवडतो. फिलिप आल्बूई, रॉबर्ट झॅटोर आणि सहकाऱ्यांनी दहा वाक्यं आणि दहा चाली घेतल्या, एकमेकांत मिसळून शंभर छोटी गाणी केली आणि ती साथीशिवाय गाऊन घेतली. मग गाण्यातली वेळेची बारकाई पुसट केली, तर शब्द कळेनात पण चाल कळत राहिली. उलट सुरांची बारकाई पुसट केली, तर चाल गेली आणि शब्द राहिले. मेंदूची छायाचित्रं घेतली तेव्हा शब्दांचा सुगावा डाव्या बाजूला लागला आणि चालीचा उजव्या. एकाच गळ्यातून एकाच वेळी निघालेलं गाणं डोक्यात शिरताच दोन वाटांनी जातं.

या दोन वाटांच्या मध्ये आपलं गाऱ्हाणं बसतं. देवासमोर गावकर गाऱ्हाणं घालतो ते बोलणंच असतं, पण दर वाक्याच्या शेवटी आवाज त्याच उंचीवर येतो आणि सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. तीन-चार वेळा झालं की कान त्याला गाणं म्हणू लागतो. डायना डॉइच यांना १९९५ साली आपल्याच बोलण्याच्या ध्वनिफितीवर काम करताना असाच अनुभव आला. एक तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहिला आणि थोड्या वेळाने ते बोलणं गाण्यासारखं ऐकू येऊ लागलं. तुकड्यात काहीच बदललेलं नव्हतं.

ज्यांना चाल कळतच नाही

भजनात बेसूर गाणारा एक तरी असतोच. त्यातल्या बहुतेकांना चाल उत्तम कळते, त्यांचा गळा फक्त ऐकत नाही. शंभरात एक ते चार माणसं मात्र अशी असतात, ज्यांना जन्मापासून दोन चालींतला फरकच कळत नाही. कान ठणठणीत, बुद्धी तल्लख, बोलणं साफ, पण ओळखीचं गाणं शब्दांशिवाय वाजवलं की काही कळत नाही. याला अम्युझिया म्हणतात. माँट्रियलच्या इझाबेल पेरेत्झ यांच्या अभ्यासातून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. चुकीचा सूर वाजला की या लोकांच्या मेंदूत सुरुवातीची खळबळ होते, पण त्यांना स्वतःला त्याची जाणीव होत नाही. चूक टिपली जाते, खबर पुढे पोचत नाही. अशा माणसाला ‘लक्ष देऊन ऐक’ म्हणून दटावणं हा शुद्ध अन्याय आहे.

आजोबा आणि कर्णे

शेवटी त्या साडेतीन हजार केशपेशी. आजोबांना भजनातली चाल कळते, ते बरोबर टाळी धरतात, पण नातवाचं बोलणं त्यांना कळत नाही. घरचे म्हणतात, त्यांना हवं तेवढंच ऐकू येतं. तसं नसतं. वरच्या सुरांच्या केशपेशी कॉक्लियाच्या दाराशी असतात आणि वयानुसार त्याच आधी मरतात. बोलण्यातले स, श, च यांसारखे वर्ण त्या वरच्या भागात असतात. चाल खालच्या भागात असते, म्हणून ती टिकते.

वयाशिवाय या पेशींना मारणारी दुसरी गोष्ट म्हणजे मोठा आवाज. माणसाची मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही, आणि हरवलेली पोफळ ताडणारा मेंदूही रांगच उरली नाही तर काही ताडू शकत नाही. म्हणून जत्रेत मुलांना घेऊन कर्ण्याच्या तोंडाशी बसू नका. पंधरा-वीस हात मागे, वडाच्या पारावर बसा. चाल तिथूनही तीच ऐकू येते.